हाताने जातं, स्क्रिप्टने जात नाही

"हाताने जातं, स्क्रिप्टने जात नाही." हे वाक्य मी त्या बारा दिवसांत कोणाकोणाला ऐकवलं असेल! पुण्याच्या साहेबांना फोनवर ऐकवलं, चाचांना ऐकवलं, आंघोळ करताना मोरीच्या भिंतीला ऐकवलं. एकदा मासळीवालीपुढेही तोंडातून निघून गेलं. ती पाटीतले बांगडे उलटेपालटे करत म्हणाली, "मग हातानंच जा ना गो, अडलंय कुठं?" तिच्यापुढे मी काय कपाळ फोडून घेणार!

काम काय होतं ते आधी सांगते, नाहीतर माझ्या आईसारखं व्हायचं. ती सगळ्यांना सांगायची, आमची मुलगी कॉम्प्युटर तपासते. आणि लोक बिघडलेले टीव्ही घेऊन दारात यायचे. नव्या शतकाची सात वर्षं सरत आली होती. पुण्यातली एक कंपनी कसलासा प्रोग्रॅम बनवायची आणि तो निरनिराळ्या यंत्रांवर नीट चालतो का, हे रोज तपासायचं काम तिने रत्नागिरीत ठेवलं होतं. मारुती मंदिराच्या चौकापासून थोडं आत, औषधाच्या दुकानाच्या वर दोन खोल्या. माणसंही दोनच. मी आणि चाचा.

आता आठ तऱ्हेच्या यंत्रांवर रोज तपासायचं तर आठ खोकी हवीत. ती ठेवायची कुठे, माझ्या डोक्यावर? म्हणून एकाच मोठ्या खोक्याच्या पोटात आठ आभासी यंत्रं उभी केलेली होती. बाहेरून बघाल तर एकच खोकं घरघरतंय, आणि आत आठ जण आपण स्वतंत्र यंत्र असल्याच्या थाटात वावरतायत. चाचा त्यांना सोंगं म्हणायचे. शिमग्यात येतात तशी सोंगं. माझ्याही तोंडात तोच शब्द बसला.

या सोंगांना ना पडदा, ना कीबोर्ड. त्यांच्याशी बोलायचं ते लांबूनच. त्याला रिमोट शेल म्हणतात. आपण आपल्या टेबलावरून हुकूम टाईप करायचा, तो दारातून त्या यंत्राच्या आत जातो आणि उत्तर परत आपल्या पडद्यावर येतं. आणि हेही रोज आपण करायचं नव्हतं. एक स्क्रिप्ट होती, म्हणजे हुकमांची लांबलचक यादी. ती सकाळी दहाला आपोआप सुटायची, एकेक सोंग जागं करायची, दारातून आत शिरायची, तपासणीच्या फायली आत नेऊन ठेवायची, प्रोग्रॅम चालवायची, उत्तरं टिपायची आणि पुण्याला अहवाल धाडायची. पास झालं की हिरवं, नापास झालं की लाल. आम्ही दोघांनी नुसतं बघायचं. कित्येक महिने आमचा अहवाल श्रावणातल्या भातखाचरासारखा हिरवागार होता.

चाचांचं वय पन्नाशीच्या पुढे. आखातातल्या एका बंदराच्या कचेरीत त्यांनी बावीस वर्षं कॉम्प्युटर सांभाळले होते. त्या बावीस वर्षांत घरी किती, तर दोन वर्षांतून एकदा दीड महिना. मुलगी झाली तेव्हा ते तिकडे, वडील गेले तेव्हाही तिकडेच. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगून टाकलं होतं, "बाय, हे काम आहे तोवर मी रत्नागिरीत. हे सुटलं की परत विमान. या वयात मला इथं दुसरं कोण ठेवतंय?" हसत बोलले होते, पण खरं बोलले होते. त्यांची बायको, आमच्या चाची, एकदा मुद्दाम जिना चढून नवऱ्याचं टेबल बघायला आल्या होत्या. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "इथं बसतात होय!" आणि निघून गेल्या.

मी तेव्हा अठ्ठावीसची. राग नाकाच्या शेंड्यावर. चाचा सावकाश. कुठलाही हुकूम द्यायचा तर आधी वहीत लिहिणार, मग टाईप करणार, मग टाईप केलेलं वहीशी ताडून बघणार, मग चष्मा पुसणार, आणि मग कुठे एंटर दाबणार. तेवढ्यात माझी तीन कामं होऊन त्यातली दोन चुकलेली असायची. ती चुकलेली ते गुपचूप दुरुस्त करायचे. हे मला तेव्हा दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं आणि त्याचाच जास्त राग यायचा.

तर त्या वर्षी खंडेनवमी शनिवारी आली. त्या दिवशी आम्ही साचा नवा केला. साचा म्हणजे एक मूळ यंत्र. त्याच्याच नकला काढून ही आठ सोंगं उभी राहतात. पुण्याहून निरोप होता की दाराचा बंदोबस्त बदला, पासवर्ड बंद करा, त्याऐवजी किल्ली ठेवा. किल्ली म्हणजे एक फाइलच. ती ज्याच्याकडे त्यालाच आत प्रवेश. हे दाराचं काम चाचांनी केलं. आतली मांडामांड मी केली. रविवारी दसरा, म्हणजे एक सुट्टी अशीच बुडाली. सोमवारी दहाला स्क्रिप्ट सुटली आणि सव्वादहाला आठच्या आठ सोंगं लाल.

कारण काय लिहिलं होतं? "आत जाता आलं नाही." बस्स. कोणाला, कुठे, का, काही नाही. मेल्याला एवढं सांगायला जिवावर आलं होतं.

मी हाताने जाऊन बघितलं. हुकूम टाईप केला, एंटर मारलं, गेले की आत! दार सताड उघडं. तिथे चार हुकूम देऊन बघितले, चारही चालले. बाहेर आले, स्क्रिप्ट सोडली. "आत जाता आलं नाही." पुन्हा हाताने गेले. गेले! आठही सोंगांत जाऊन आले. स्क्रिप्टला म्हटलं, आता बघ. "आत जाता आलं नाही." अरे, तुझा बाप आत्ता जाऊन आला ना!

मग सुरू झालं सगळं. मला वाटलं सोंग जागं व्हायच्या आत स्क्रिप्ट दार वाजवत असेल, म्हणून थांबायचा वेळ अर्ध्या मिनिटाचा पाच मिनिटं केला. आठ सोंगांची पाच-पाच मिनिटं, म्हणजे नापास व्हायलाच पाऊण तास लागायला लागला. किल्ली नवी केली. किल्ली ठेवायच्या फोल्डरचे हक्क तपासले, कारण ते सैल असले तर ही मंडळी रुसतात. पहारेकरी प्रोग्रॅम बंद करून बघितला. सोंगांचे पत्ते बदलले. त्यात दुपारी भारनियमन. इन्व्हर्टर खोक्याला पुरेल एवढा होता, पंख्याला नाही. ऑक्टोबरचं ऊन, घामाने कीबोर्ड चिकट झालेला, आणि समोर आठ लाल ओळी. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, हेच कळेना. एके दिवशी मी इतकी वैतागले की खोक्याला लाथ मारली. पायाचं बोट सुजलं, खोकं घरघरत राहिलं.

चाचा आपल्या जागी बसून वहीत काहीतरी लिहीत असायचे. मध्येच उठून माझ्या पाठीशी येऊन उभे राहायचे. मला कोणी पाठीशी उभं राहिलेलं खपत नाही.

नवव्या दिवशी साहेबांचा फोन आला. तोवर ते रोज मेलवर मेल पाठवत होते. आता आवाजात साखर उरली नव्हती.

"हाताने जातं ना?" ते म्हणाले.

"जातं. स्क्रिप्टने जात नाही."

"ते वाक्य पुन्हा बोलू नकोस. आत्ता हाताने जा आणि यंत्राला विचार, तयार आहेस का. पडद्यावर जे काय येईल ते सगळं मला वाचून दाखव."

मी गेले, विचारलं, वाचून दाखवलं. यंत्राचं नाव वाचलं, पुढची खूण वाचली, मी दिलेला हुकूम वाचला आणि त्याचं उत्तर वाचलं: रेडी.

"सगळं वाचलंस?"

"सगळं."

"नक्की?"

"साहेब, मला वाचता येतं," मी म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

ते म्हणाले, "शुक्रवारपर्यंत निस्तरा. आणि खंडेनवमीला साच्यात काय बदल झाले, कोणी केले, ते मला लेखी कळव. दिवाळीनंतर तिथे दोन माणसं हवीत की एक पुरे, हा विचार वर चाललाच आहे."

मी फोन ठेवला. दोन खुर्च्या होत्या आणि त्यातली एक जाणार होती. माझी गेली तर मी पुण्याला गेले असते, मुंबईला गेले असते, चार शिव्या देऊन दुसरी नोकरी धरली असती. चाचांची गेली तर विमान. हे मला माहीत होतं. आज मी असं म्हणणार नाही की तेव्हा सुचलं नाही.

शुक्रवारी, म्हणजे बाराव्या दिवशी, मी चाचांनी बदललेली दाराची फाइल उघडली. ती आधीही दहादा उघडली होती, पण आता मी काही शोधायला नाही तर सापडवायला उघडली होती. आणि फाइलीच्या डोक्यावर, पहिल्याच ओळीत, दिसलं: एक चौकटीची खूण, #, आणि तिच्यापुढे ७८६.

चाचा वहीचं प्रत्येक पान तसंच, बिस्मिल्लाच्या या आकड्याने, सुरू करायचे. आखातातून आणलेलं एक पेन त्यांनी मला दिलं होतं, त्याच्या डबीच्या आतसुद्धा तो आकडा लिहिला होता. आणि ओळीच्या सुरुवातीला ती चौकटीची खूण असली की यंत्र ती ओळ वाचतच नाही, सरळ ओलांडून पुढे जातं. ती ओळ माणसांसाठी असते. हे शिकाऊ माणसालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं.

तरी मी मेल लिहिली. दाराच्या फाइलीत एक अनधिकृत, वैयक्तिक खूण आढळली आहे, असं लिहिलं. खूण कुठली, तेही लिहिलं. हा बदल चाचांनी केला आणि त्याच दिवसापासून तपासणी बंद पडली आहे, असं लिहिलं. त्यातलं एकेक वाक्य खरं होतं. सगळं मिळून खोटं होतं. बारा दिवसांचा सगळा संताप त्या मेलमध्ये ओतला आणि पाठवून दिली. पाठवल्यावर मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, मोकळं मोकळं. तेच आठवून आता अंगावर काटा येतो.

शनिवारी सकाळी चाचा आले ते नेहमीच्या वेळेआधी. साहेबांचा फोन त्यांना रात्रीच गेला होता, सकाळी काम सोपवून मोकळे व्हा म्हणून. त्यांनी टेबलाचा खण आवरला, कचेरीच्या दाराची किल्ली माझ्यापुढे ठेवली, आणि कुठल्या सोंगाचं काय दुखणं आहे, कोण जागं व्हायला वेळ लावतं, ते सगळं मला नीट समजावून सांगितलं. मी मान खाली घालून लिहून घेतलं. मेलबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही नाही.

"येतो हां बाय," म्हणाले आणि जिना उतरले.

सोमवारी मी पहिलं काम कुठलं केलं असेल? ती ७८६ ची ओळ पुसली. नुसती पुसली नाही, चाचांची ती अख्खी फाइल काढून जुनी फाइल जागेवर आणली. साचा पुन्हा केला, नकला काढल्या, स्क्रिप्ट सोडली आणि हाताची घडी घालून बसले.

लाल. आठच्या आठ.

त्या क्षणी मला जे वाटलं त्याला राग म्हणायचा की भीती, मला अजून ठरवता येत नाही. खुर्चीतून उठून मी गॅलरीत गेले, परत आले, पुन्हा गेले. आता दोष द्यायला खोलीत दुसरं कोणी उरलं नव्हतं.

मग मी एक साधी गोष्ट केली. यंत्राला विचारलं, तयार आहेस का, आणि त्याचं उत्तर पडद्यावर न घेता एका फाइलीत धरलं. मग त्या फाइलीत ओळी किती, ते मोजायला लावलं. मला वाटलं, निदान उत्तर पूर्ण येतंय का ते तरी कळेल.

यंत्र म्हणालं, दोन.

मी फाइल उघडून बघितली. एकच ओळ होती. रेडी. पुन्हा मोजायला लावलं. दोन. "मेल्या, तुला मोजतासुद्धा येत नाही," मी मोठ्याने म्हणाले. मग लहान मुलासारखं पडद्यावर बोट टेकवून मोजलं. बोट "रेडी"वर होतं. बोटाच्या वर लिहिलं होतं: श्री. रोमन अक्षरांत, कारण त्या काळ्या पडद्याला देवनागरी येत नसे.

अहो, श्री कोणी वाचतं का? पत्र मोठ्याने वाचून दाखवताना आपण "श्री" म्हणून सुरुवात करतो का? तो वर असतोच. पत्रावर असतो, लग्नपत्रिकेवर असतो, वाण्याच्या यादीवर असतो. दहावीपर्यंत मी प्रत्येक पेपरावर लिहिलाय. डोळा जन्मापासून त्याच्या खालून वाचायला लागलेला. बारा दिवस तो माझ्या पडद्यावर दर वेळी पहिल्या ओळीत येत होता आणि मी त्याच्या खालून वाचत होते. साहेबांना "सगळं" वाचून दाखवलं तेव्हाही तो तिथेच होता.

आणि तो लिहिला कोणी होता? मी! खंडेनवमीच्या संध्याकाळी चाचा लवकर घरी गेले. मी खोक्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, उदबत्ती फिरवली. तेव्हा मनात आलं, बाहेरच्या खोक्याची पूजा झाली, पण आत आठ जण राबतायत त्यांचं काय? त्यांना अंगच नाही, कुंकू लावायचं कुठे? म्हणून मी साच्यात गेले. यंत्रात कोणीही शिरलं की सगळ्यात आधी एक ठरलेली फाइल वाचली जाते. तिच्या पहिल्या ओळीत मी हुकूम लिहिला, की "श्री" म्हण. एका साच्यात लिहिला, आठ नकलांमध्ये उमटला. मला स्वतःचं कोण कौतुक वाटलं! दिवा मालवून घरी गेले आणि साफ विसरले.

माणूस आत शिरला तर त्याला श्री दिसतो, तो पुढे जातो. पण स्क्रिप्टच्या फायली आत नेणारा जो प्रोग्रॅम असतो तो मोठा हट्टी. दारात ठरलेलं बोलणं सोडून दुसरं अक्षर कानावर पडलं की तो पाय मागे घेतो. माझं प्रत्येक सोंग दार उघडून भक्तिभावाने "श्री" म्हणत होतं, तो बिचकून परत फिरत होता, आणि स्क्रिप्ट लिहीत होती, आत जाता आलं नाही. चाचांनी आपलं मंगल अक्षर यंत्राला ऐकू जाणार नाही अशा बेताने लिहिलं होतं. मी माझं भर दारात ओरडायला लावलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे तर वळसा घालताना मी एका माणसाला तुडवून गेले होते.

ती ओळ पुसली. स्क्रिप्ट सोडली. सव्वादहाच्या जागी अडीच वाजले होते, पण आठही ओळी हिरव्या आल्या. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. मग साहेबांना फोन लावला.

"हिरवं झालं! बघितलं मी," ते खुशीत म्हणाले. "म्हणजे चाचांची फाइल काढल्यावर झालं ना?"

"नाही साहेब. चूक माझी होती." मी सगळं सांगितलं. पूजा, श्री, फाइल, सगळं.

ते आधी हसले. मग म्हणाले, "बरं, झालं ते झालं. आता तो विषय काढू नकोस."

"पण चाचांना परत बोलवायला हवं."

"हे बघ, वरपर्यंत कळवून झालंय. आणि एका माणसात तिथलं काम भागतं, हेही आता दिसलंच की."

"साहेब, चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत तुम्ही!"

"मी?" ते म्हणाले. "मेल कोणाची होती?"

मी तरीही लेखी कळवलं. वरच्यांनाही कळवलं, चूक माझी, खुर्ची काढायची तर माझी काढा. त्या मेलला उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवली. तिलाही नाही.

तेव्हा मी रिक्षा करून राजिवड्याच्या पुढे खाडीच्या अंगाला गेले, चाचांचं घर विचारत विचारत. चाचा ओट्यावरच बसले होते. मला बघून उठले, आत खुर्ची दिली. चाची स्वयंपाकघराच्या दारात आल्या, मान हलवली आणि आत गेल्या. मी उभ्या उभ्याच सांगायला लागले. खंडेनवमीपासून सगळं. श्रीपर्यंत आले तसे चाचा हलकेच म्हणाले, "सापडला तुला?"

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तिसऱ्या दिवशी दिसला. वहीत लिहिलंय मी."

"मग पुसला का नाही? एक ओळ तर होती, चाचा!"

"मी पुसू?" ते म्हणाले. "पूजेच्या दिवशी लिहिलेला तुझा श्री मी पुसू? आणि पुसल्यावर समजा दुसरंच काय बिघडलं असतं गो, तर? लोक काय बोलले असते?" ते चष्मा काढून पुसायला लागले. "तो तूच पुसायचा होता."

"मग मला सांगायचं तरी!" माझा आवाज चढला होता. त्यांच्याच घरात, त्यांच्यावरच. सवय जाते थोडीच.

"दोनदा आलो सांगायला. पहिल्यांदा तू म्हणालीस, चाचा, आत्ता डोकं खाऊ नका. दुसऱ्यांदा आलो तो शुक्रवार. तू मेल लिहीत होतीस. पडद्यावर माझं नाव दिसलं, पुढचंही थोडं दिसलं. मग म्हटलं, राहू दे आता. आता सांगितलं तर वाटेल, स्वतःवर आलं म्हणून हिच्यावर ढकलतोय."

मी खुर्चीत बसले. त्या शुक्रवारी ते माझ्या मागे उभे होते, आणि मी न वळता, "काय आहे?" असं खेकसले होते. "काय नाय," म्हणाले होते ते.

"मी पुण्याला सगळं कळवलंय," मी म्हणाले. "माझी खुर्ची काढा म्हटलंय. ते तुम्हाला बोलावतील. थोडे दिवस थांबा."

चाचांनी पलंगाकडे बघितलं. तिथे एक बॅग उघडी होती, तिच्याकडे बघायचं मी आल्यापासून टाळत होते. जुन्या बंदरातल्या कचेरीतून त्यांना होकार आला होता. ईद झाली होती, मुलीची परीक्षा मार्चमध्ये होती, दोन्ही त्यांना घरी मिळतील असं त्यांनी धरलं होतं. त्यातली परीक्षा आता हुकणार होती.

चाचींनी चहा आणला. मला दिला, नवऱ्याला दिला. मग ट्रे हातात तसाच धरून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. राग मला कळतो. त्या अगदी साध्या आवाजात, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारख्या म्हणाल्या, "मी बावीस वर्षं थांबले गो. तुला बारा दिवस थांबता आलं नाय?"